मनगटावरचे दोन शब्द

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन,
रविवार, २० जुलै २०२५

चि. चारूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तीन दिवस दक्षिणेचा वारा सुटलाय, धुतलेले कपडे घरातच वाळताहेत, आणि हीटर लावला की सगळ्या घराला ओल्या मोज्यांचा वास येतो.

तू म्हणशील, आई, मेसेज कर ना. मेसेज तू सिग्नलला उभा असताना वाचतोस आणि अंगठा पाठवतोस. इंग्रजीत लिहिलं तर एका दमात वाचून बाजूला ठेवशील. मराठी वाचताना तुझं बोट अजून ओळीवर फिरतं, सातव्या वर्षी इथे आलास तेव्हा फिरायचं तसंच. म्हणून मराठीत आणि कागदावर. पोस्टाला तीन आठवडे लागतात आणि तुला संघाला कराराचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय, तेव्हा पानांचे फोटो पाठवीन. ते मीच काढणार आहे, तुझ्या ताईला, निवेदिताला, यातलं काही सांगितलेलं नाही. कोपऱ्यात माझं बोट आलं तर चालवून घे.

निवेदिताची ओवी पाच वर्षांची झाली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली. कशी होती गं शाळा विचारलं, तर म्हणाली, "स्वीट ॲज, आजी," म्हणजे इथल्या भाषेत एकदम मस्त, आणि बूट न काढता सोफ्यावर. हे मी तुला गेल्या रविवारी फोनवर सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण तू दहा मिनिटांत दोनदा विचारलंस. त्याच शब्दांत.

असो.

पुण्याहून तुझ्या रावसाहेब काकांचा फोन होता. चारूचा तो हॉलमधला खेळ अजून चालू आहे का, म्हणाले. मी चौथ्यांदा समजावलं की हो, फुटबॉलच, पण पायाने नाही, अमेरिकेतला. आणि मोकळ्या मैदानात नाही, बर्फावरच्या हॉकीचा हॉल असतो, त्यात हिरवा गालिचा अंथरतात. मग त्याला फुटबॉल का म्हणतात? म्हटलं, भावजी, नाव ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. वर ते म्हणाले, इंजिनिअरिंग केलेला मुलगा एकोणतिसाव्या वर्षी चेंडू झेलतो. मी पुण्यातल्या पावसाचं विचारलं. तुझ्यावरचा माझा राग मी दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही, पण तो आहे.

आठवीपर्यंत शिकलेली बाई मी. तुला लायब्ररीत गोष्टीच्या तासाला बसवायचे आणि शेजारच्या खुर्चीवर चित्रांची पुस्तकं वाचून इंग्रजी शिकले. आता त्याच लायब्ररीत तुझ्या खेळाचे नियम छापून घेतलेत. त्यातला एकच मला मनापासून आवडला. सगळे खेळाडू जागच्या जागी थिजलेले असताना एका झेलणाऱ्याला चेंडू सुटण्याआधीच पळत यायची मुभा असते. तो पळणारा तू. वाचून हसले. तू जन्मल्यापासून तसाच आहेस, कुणी 'चल' म्हणायच्या आधी रस्त्यावर.

बाकीचे नियम मात्र शत्रूने लिहावेत असे आहेत. मैदान पन्नास यार्डांचं. कडेला रेषा नाही, भिंत. तिला गादी लावली म्हणून काय ती भिंत राहत नाही?

आणि सात वर्षं तू हे कशासाठी केलंस, ते तरी मला सांग. पहिला संघ सात सामन्यांत बंद पडला. दुसऱ्याचा मालक गायब झाला आणि तुम्ही सगळे मोटेलच्या दाराबाहेर सामान घेऊन उभे. तिसऱ्या गावात सकाळी टायरच्या गोदामात काम, संध्याकाळी सराव. आता हे चौथं गाव. तिथे सामना संपल्यावर लोक गालिच्यावर उतरतात, पोरं तुझ्याकडून टोप्यांवर सह्या घेतात, ते मला आवडतं हे कबूल करते. तू गुडघ्यावर बसून प्रत्येकाचं नाव विचारतोस. मी पाहिलंय.

पाहिलंय म्हणजे, मी प्रत्येक सामना पाहते. तुमचा शनिवार संध्याकाळचा सामना इथे रविवारी दुपारी दिसतो. कुकर लावते, टॅबलेट डब्याला टेकवून ठेवते. तू समजत होतास की आईला आवड नाही. आवड नाहीच. तरी पाहते.

म्हणून २९ जूनचाही पाहिला. तू उंच उडून चेंडू घेतलास आणि भिंतीवर डोक्याने आदळलास. उठलास. चेंडू पंचांच्या हातात दिलास, अगदी नीट. आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिलास. त्यांच्यातल्या एका धिप्पाड मुलाने तुझ्या खांद्यांना धरून तुला वळवलं आणि तुमच्या बाजूला पाठवलं. समालोचक हसले. म्हणाले, याला संघ बदलायचाय बहुतेक.

मी ते अकरा वेळा पाहिलं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहिलं, डाळ करपली.

वर तू फोनवर म्हणतोस, खांदा थोडा दुखावलाय. डोक्याला मार बसायची ही तिसरी वेळ आहे, चारू. डॉक्टरने काय सांगितलं ते तू मला सांगितलं नाहीस, ताईला सांगितलंस, आणि तिला वाटतं मला कळलेलं नाही. तुम्ही दोघं माझ्यापासून गोष्टी लपवण्यात तुमच्या बाबांवर गेलात, म्हणजे अजिबात जमत नाही.

मी एवढंच म्हटलं की करार करू नकोस. तर तू ते वाक्य टाकलंस. "बाबा सेड कीप प्लेइंग, आई. सो आय विल." त्यावर मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

आता इथे थांबते. हात दुखला.

सोमवार, सकाळ

काल हात दुखत नव्हता.

लायब्ररीत बसून लिहिते आहे, कारण घरी तुझ्या बाबांचा फोटो समोर असतो आणि तो काही बोलत नाही, याचाच त्रास होतो.

ते आजारी पडले त्या वर्षी मार्चमध्ये तू इथली नोकरी नाकारलीस आणि मी तुला म्हटलं, हा खेळ सुटेपर्यंत मला फोन करू नकोस. तू शहाण्यासारखा त्यांच्या फोनवर करू लागलास. मे महिन्यात ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तो फोन मीच घेत होते. तुला सांगत होते, ताप आहे, झोपलेत. तुझे महत्त्वाचे सामने होते, तुला त्रास नको, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. निवेदितालाही तेच सांगून गप्प केलं. खरं कारण तसं नव्हतं. 'ये' असं आधी मी म्हणायचं नाही, एवढाच माझा हट्ट होता. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे आहेत. मला वाटलं, तेवढ्यात तूच 'येतो' म्हणशील.

पाचच दिवस होते.

तू आलास तो ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी. वेलिंग्टनच्या विमानतळावर तुझी बॅग पट्ट्यावरून दोनदा फिरून गेली, तू उचलली नाहीस. मला विचारलंस, काही म्हणाले का माझ्यासाठी? आणि मी म्हटलं, म्हणाले, खेळत राहा म्हणावं.

ते असं काही म्हणाले नव्हते.

तुझा चेहरा बघून तोंडातून गेलं. तुला बरं वाटावं म्हणून, आणि तू पुढचा प्रश्न विचारू नयेस म्हणून. पुढचा प्रश्न काय असता ते मला माहीत होतं. मला वाटलं, दोन दिवसांचं औषध आहे. मग पुढच्या हंगामात तू झेल घेतलास, कॅमेरा जवळ आला आणि तुझ्या मनगटाच्या पांढऱ्या पट्टीवर तुझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात ते दोन शब्द दिसले. तेव्हापासून तीन वर्षं दर सामन्याला मी ते वाचते आहे. माझं खोटं, त्यांच्या नावावर, तुझ्या हातावर. भिंतीवर आदळलास तेव्हाही ती पट्टी होती.

ते खरंच काय म्हणाले, तेही आता सांगते. त्यांना तुझ्या खेळाचे नियम शेवटपर्यंत कळले नाहीत आणि त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तिकडे आत्ता किती वाजले असतील, हे रोज विचारायचे. मी सांगायचे. आणि चारू निघाला का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

म्हणजे खोटं एक नव्हतं, दोन होती. एक त्यांच्याशी, एक तुझ्याशी.

मी माफी मागत नाहीये. मागायची कशी ते सुचलं नाही, सुचलं तर वेगळी मागीन. आत्ता घाई शुक्रवारची आहे. तुला खेळायचंच असेल, स्वतःला हवं म्हणून, तर कर करार. मी कुकर लावून बघत बसेन आणि चिडेन. पण बाबांच्या शब्दाखातर करत असशील, तर तो शब्द नाही. तो माझा होता आणि मी तो परत घेते.

त्या जागी माझं म्हणून एवढंच सांगते: पुरे, चारू.

हे वाचून फोन करणार नाहीस, हे मी धरून चालले आहे. रागव. आयुष्यभर रागावलास तरी तुझा हक्क आहे. पण एवढं वर्षानुवर्षं रागवायला डोकं शाबूत लागतं, तेवढं ठेव.

यापुढे स्वतःच्याच नावाने बोलणारी,
तुझी आई