मधली सीट

अण्णा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत ही वही माझ्यासोबत हिंडतेय. गोव्याला गेली, हंपीला गेली, पान कोरंच. आज लिहितोय, कारण मोबाइल हातात धरवत नाहीये. त्यावर तासभर एकच ओळ आहे, गाडी शोधत आहोत.

आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, परवा घरी आणली. आज टाके दाखवायचेत पिंपरीला, बाराच्या आत. मग डॉक्टर निघून जातात. सकाळपासून एका टाक्यातून पाणी येतंय. आपल्या निघोज्यातून निघायचंय म्हटल्यावर दोन कॅबवाले नाहीच म्हणाले. "परतीचं भाडं मिळत नाही, भावा." रिक्षा मिळेल, पण तिचे दणके आई कशी सोसणार? आणि मी शहाण्यानं गाडी ठरायच्या आधीच तिला आवरून दारात खुर्चीवर बसवलं. दहा वाजून गेले. ती पोटाशी उशी धरून म्हणते, "तुझे अण्णा आधी गाडी उभी करायचे, मग माणूस उठवायचे."

तुमच्याकडे कंपनीची बस होती. जनरल शिफ्ट उतरवली की दुपारपर्यंत रिकामी, मग तुम्ही गावातले पेशंट सोडून यायचात. "मधल्या सीटवर बसा, मागं चाकावर आदळतं." बाहेरची माणसं घ्यायची नाहीत हा नियम. कुणीतरी साहेबांना सांगितलं, तुमची नोकरी गेली. दुसऱ्या बसवरच्या ड्रायव्हरकाकांनीच सांगितलं असं धरून तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीत. त्यांचा चहासुद्धा घेतला नाहीत. चहावरून आठवलं, तुमचा थर्मास मी हंपीत हरवला. ते असू दे.

मघाशी आई म्हणाली, "त्या बसवाल्या भाऊजींना लाव की फोन." मी नाही म्हटलं आणि रस्ता बघायला बाहेर आलो. कसा लावू? साहेबांना मी सांगितलं होतं, अण्णा. शाळेत होतो, गेटवर तुमचा डबा द्यायला आलेलो. फुशारकी मारली, आमच्या अण्णांची बस म्हणजे ॲम्ब्युलन्स आहे.

हॉर्न वाजतोय. बस. काकाच उतरतायत, डोकं पार पांढरं झालंय.

"वहिनी, फोन करायला एवढा उशीर? चला, मधल्या सीटवर गोधडी टाकलीय." मग माझ्याकडे वळून, "लिहीत काय बसलास राव, खुर्चीला हात लाव!"

वही मिटतो. पिंपरी येईपर्यंत हे त्यांना सांगायचंय. तुम्हाला सांगणं सोपं होतं.