दस्त्याखालची चिठ्ठी

प्रिय रॉयस,

आज गॅरेजात एक जुनी स्विस रायफल उघडली. लष्कराने मोडीत काढलेली, स्वस्तातली, ग्रीसने बरबटलेली. तू करायचास तशी आधी दस्त्यामागची लोखंडी पट्टी काढली. स्विस शिपाई तिथे ठेवायचे ती चिठ्ठी आत होतीच. ज्याच्या नावावर रायफल होती त्या शिपायाचं नाव, गल्ली, गाव. या चिठ्ठ्यांचं तुला भारी वेड. बाकी कामात तू कच्चाच.

म्हणून तर माझ्या पन्नाशीला ती रशियन रायफल भेट देताना तू महिनाभर खपून तिला पॉलिश पेपर मारलास, वर व्हार्निश चढवलंस. शिपायांनी लाकडावर कोरलेली नावं, ओरखडे, सगळं साफ. जुन्या रायफली जमवणाऱ्या आपल्या लोकांत हे पाप, पण तुला सांगणार कोण? मीच सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि क्लबात सगळ्यांसमोर मी म्हणालो, "फर्निचर केलंस की रे! आता वर फुलदाणी ठेव."

सगळे हसले. तूही हसलास. "तूच ठेव, दादा," म्हणालास आणि गाडीत बसून गेलास.

त्याला अकरा वर्षं झाली. ती रायफल मी विकली नाही. आज तिचीही पट्टी काढली, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तुझं नाव लिहिलं आणि पत्त्यापाशी हात अडला. परक्या शिपायाचा पत्ता आहे माझ्याकडे, सख्ख्या भावाचा नाही.

हे पत्रही घडी करून तिथेच ठेवतोय. माझ्यामागे कोणी पट्टी काढलीच, तर पत्र कोणाचं ते त्याला कळेल. कुठे पाठवायचं, ते त्यालाही कळणार नाही.

तुझा दादा,
अल्विन