पहिल्या रांगेतला फेटा

३ जानेवारी, सकाळ
नवीन वर्षाचा संकल्प: रागावर कंट्रोल. दोन दिवस उशीर झाला, पण पलटणीतही ऑर्डरी उशिराच यायच्या. चहा गार होता. कपबशी अंगणात टाकली. भिरकावली नाही, टाकली. फरक आहे.

५ जानेवारी
संयोगिताचं कार्ड आलं. शनिवारी सांगलीत तिचा कार्यक्रम. पोरगी पुण्यात राहते, फोन करते तो फक्त आईला. तबला नाही, ढोलकी नाही. घरातल्या वस्तू वाजवणार म्हणे. प्रयोगाचं नाव ‘आमचं घर’. म्हणजे माझंच. उतारा माझ्या नावावर आहे. कार्ड मात्र बायकोच्या, राजेश्वरीच्या नावानं. माझं नाव कुठंच नाही. सरप्राइज दिसतंय. वडलांचा सत्कार असला की आधी छापत नाहीत.

६ जानेवारी
राजेश्वरीला तालमीला बोलावलंय. परवानगी दिली. तोवर ती एसटीत बसली होती, पण दिली. जाताना जेवायची स्टीलची ताटं घेऊन गेली, तीही पोचे आलेली. म्हणालो, नवी ने, माझी इज्जत आहे कडेगावात. म्हणाली, न्हाई, हीच लागत्यात.

९ जानेवारी
भाकरी स्वतः थापली. नकाशासारखी झाली. भूकही नव्हती.
शेजारच्या गुंडाकडून फेटा बांधायची प्रॅक्टिस. माझ्याच पलटणीतला, पण हवालदारच राहिला बिचारा. शाल-श्रीफळ मंडळी देतात, फेट्याचं ऐनवेळी विसरतात, म्हणून आपला बांधून गेलेला बरा. मनोगत तयार. विषय: घर आणि शिस्त. गुंडा म्हणाला, आवं सुभेदार, तुमी नका जाऊ, गप घरी ऱ्हावा. जळतो.

११ जानेवारी, सकाळ
कालचा रिपोर्ट.
हॉल फुल्ल. पहिल्या रांगेत बसलो. मागच्यानं फेटा काढायला सांगितलं. दुर्लक्ष केलं. पडदा उघडला तर स्टेजवर आमचं स्वयंपाकघर, आणि त्यात राजेश्वरी! मला न विचारता! संयोगिता परातीवर, ही खलबत्त्यावर. ताल बरा धरला होता. मग आतून बुटांचा आवाज आला. दोघींचे हात जागच्या जागी थांबले. काय ती डिसिप्लिन! मीच लावलेली. मग दाराची कडी. मग ताट भिंतीवर. ते फरशीवर बराच वेळ गरगरत राहिलं. आवाज अगदी ओरिजिनल. पोच्यांशिवाय तसा येत नाही. ताट थांबलं की दोघी पुन्हा सुरू करायच्या, पण चमच्यावर चमचा, ऐकू येईल न येईल असं. पुन्हा बूट. पुन्हा गप्प. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. आमच्या घराची कदर झाली, छाती भरून आली.
शेवटी टाळ्या. सत्काराला कोणी पुकारेना. शहरातली मंडळी बुजरी असतात. स्वतःच पायऱ्या चढून वर गेलो. स्टेज लाकडी, बूट वाजले. तशी राजेश्वरी ताडकन उठली, पदर सावरला आणि भांड्यांच्या मांडणीला पाठ लावून उभी राहिली. हॉल चिडीचूप. आणि मग काय टाळ्या! लोक उभे राहिले. त्या दोघींना मिळाल्या नाहीत एवढ्या मला मिळाल्या. मनोगत राहिलं, कारण संयोगितानं माईक दिला नाही. माझ्याकडे पाठ करून आईसमोर उभी राहिली. नर्व्हस झाली असणार. बाहेर पडताना दिसेल त्याला माझं फोन नंबराचं कार्ड दिलं.
राजेश्वरी सोबत आली नाही. भांडी आवरायची असतील.

१५ जानेवारी
काल संक्रांत. तिळगूळ द्यायला येईल वाटलं होतं. आली नाही. फोन उचलत नाही. सांगलीत रेंजचा प्रॉब्लेम फार. संकल्प: आपण आणायला जायचं नाही. सवय बिघडते.

२० जानेवारी
साताऱ्याहून आयोजकांचा फोन. पुढचा प्रयोग त्यांच्याकडे. म्हणाले, सांगलीत बापाचं काम करणारे फेटेवाले नट तुम्हीच ना? बघताना अंगावर काटा आला. मानधन किती घेता? नट! मला! म्हणालो, फुकट करतो, घरचंच काम आहे. गुंडाला सांगितलं. तो उठून घरात गेला. जळतो.

२२ जानेवारी, दुपार
संयोगिताचा फोन. मला! सरळ म्हणाली, साताऱ्याला यायचं न्हाई. बापाच्या कामाला फलटणचा एक पोरगा घेतलाय. विचारलं, जमतंय का त्याला? म्हणाली, कुठलं जमतंय. आईसमोर आला की त्याचा हातच वर जाईना. मग आईला हसू फुटतं. लय हसती. तालीम थांबवावी लागती.
फोन ठेवला तिनं.
राजेश्वरी हसते म्हणे. तो आवाज कसा असतो, आठवून पाहिला. इतक्या वर्षांचा संसार, आठवेलच. आठवेना. शेवटी गुंडाकडे गेलो, भिंतीला भिंत आहे त्याची. त्याला विचारलं.
त्यानंही कधी ऐकला नव्हता.