चढावर हुकूम निघत नाही

राणीखेत,
सोमवार, ३ मे १९७६

तीर्थरूप रुखमाबाईस, धाकटा भाऊ बळीराम याचा सप्रेम जयभीम.

मी, तुळसाबाई आणि पोरगी, आम्ही तिघंही इथं खुशाल आहोत (माझ्या खुशालीत थोडं लंगडणं मिसळलं आहे, त्याची हकीकत पुढं येईल). तुझी कंबर कशी आहे? कन्हानला ऊन तापलं असेल. वाळ्याच्या ताटीवर दुपारी पाणी मारतेस ना, की शेजारणीशी बोलता बोलता ताटी वाळून जाते? रागावू नको. मे महिन्यात स्वेटर घालून बसलेला माणूस दुसऱ्याच्या उन्हाची चौकशी करतो तेव्हा त्याच्या बोलण्यात थोडा माज येतोच. पण तू बांधून दिलेला चिवडा काठगोदामपर्यंत पुरला आणि डब्यातल्या एका फौजी माणसाने तुझी फार तारीफ केली, हे आधी कळवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं मन जरा मऊ राहील.

आता तू विचारशील, काम झालं का? सांगतो, पण क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर तू कागद मधेच खाली ठेवशील आणि मला शिव्या देत पाणी भरायला जाशील. काम काय होतं ते मी विसरलेलो नाही. प्रेमलताची नोकरी सोडवून तिला नागपूरला आणायची आणि बुद्धपौर्णिमेच्या आत सावनेरच्या चंपतरावांना होकार द्यायचा. मुलगा कोळशाच्या खाणीत हजेरीबाबू, दोन खोल्यांचं क्वार्टर, घरात नळ. असं स्थळ तू स्वतःचा शब्द टाकून थांबवून ठेवलं आहेस. आणि तुझ्या अंगणात खाटेवर बसून मी काय बोललो तेही विसरलेलो नाही. (विसरावंसं वाटतं, ही गोष्ट वेगळी.) मी म्हणालो होतो, ‘बाई, तू काळजी नको करू. माहा एक आवाज, आन् पोरगी गाडीत.’

त्यात माझी काय चूक सांग. जन्मभर रेल्वेच्या यार्डात शंटिंग जमादार म्हणून राबलो. मालगाडीच्या शेवटच्या डब्यापाशी उभा राहून मी ‘थांब’ म्हणालो की पुढचं इंजिन थांबतं. धुक्याच्या दिवसांत झेंडी दिसत नाही, तेव्हा ड्रायव्हर लोक माझ्या आवाजावर डबे जोडतात. एवढ्या लोखंडाला जो माणूस आवाजावर मागेपुढे करतो, त्याला शाळेतली एक मास्तरीण हलवणं काय जड, असं मला वाटलं. तुलाही वाटलंच होतं, नाहीतर तू मला पाठवलंच नसतंस.

पण इथं आल्यावर बोलायला जागाच सापडेना. तुला माहीतच आहे, सरकारी शाळेत तिची नेमणूक झाली तेव्हापासून तिला सुट्टी मिळते ती हिवाळ्यात. मे महिन्यात शाळा जोरात. सकाळी ती निघून जाते, आली की वह्यांचा गठ्ठा घेऊन बसते. खोलीची भिंत म्हणजे लाकडाची फळी आणि फळीपलीकडे शाळेच्या मोठ्या बाई. मला हळू बोलता येत नाही, हा माझा धंद्यातला दोष आहे. मी ‘चहा झाला का’ म्हणालो तरी पलीकडून मोठ्या बाई ‘झाला’ म्हणतात. अशा ठिकाणी पोरीला लग्नाचं बोलायचं म्हणजे सबंध शाळेला आमंत्रण दिल्यासारखंच. म्हणून रविवारी ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला डोंगर दाखवते, गाईडही सांगून ठेवला आहे,’ तेव्हा मी मनात म्हटलं, ठीक. रानात नेऊन बोलू. तिथं ऐकायला झाडंच.

गाईडचं नाव दीवानसिंग. वय माझ्याएवढंच, पण पाय मात्र कोणा पोराचे उसने आणल्यासारखे. बाजारातून निघायचं, घंटांनी लगडलेल्या झूलादेवीच्या देवळावरून चौबटियाच्या सफरचंदांच्या बागेत जायचं, तिथून दुसऱ्या बाजूने जंगलातून उतरून संध्याकाळी घरी, असा बेत होता. मी धोतर काढून पँट चढवली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि सवयीने खिशात कांदा टाकला. (हसू नको. मे महिन्यात घराबाहेर पाऊल टाकायचं आणि खिशात कांदा नाही, हे माझ्या हाताला पटेना. इथं लू लागत नाही हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं.) दीवानसिंगला वाटलं, मी खायला घेतला. त्याने मोठ्या आदराने मिठाची पुडी पुढं केली.

रस्ता सुरू झाला तो वरच्या दिशेने. आपल्या नागपुरात चढ म्हणून काय आहे सांग? सीताबर्डीची टेकडी, नाहीतर रामटेकच्या पायऱ्या. रामटेक मी एका दमात चढलो आहे असं मी दीवानसिंगला ऐकवलं, आणि ऐकवता ऐकवताच माझा दम संपला. तुला खरं सांगतो बाई, चढावर माणसाला हुकूम देता येत नाही. गाडीत रात्रभर पाठ केलेलं भाषण माझ्याजवळ तयार होतं. पहिलंच वाक्य होतं, ‘प्रेमलता, बापाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?’ मी ‘प्रेमलता’ म्हणालो आणि श्वास घ्यायला थांबलो. श्वास घेऊन ‘बापाच्या’ म्हणालो तोवर ती पुढच्या वळणावर पोचली होती. वळणावर गाठून मी ‘किंमत’ एवढंच म्हणू शकलो. ती म्हणाली, ‘गाईडचे पैसे मी ठरवून दिले आहेत बाबा, तुम्ही त्याची काळजी करू नका.’ आणि माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेऊन निघाली.

दीवानसिंग चांगला माणूस आहे, पण खोटं बोलतो. दर वळणाला ‘बस बाबूजी, इसके आगे उतार है’ म्हणायचा आणि पुढं पुन्हा चढ उभा. नंदादेवी कुठं दिसेल म्हणून विचारलं की हात करून दाखवायचा. (दिसली. फार मोठी आहे, पांढरी आहे, वर्णन करता येत नाही.) सगळ्यात आश्चर्य तुळसाबाईचं. घरी नळावरून कळशी आणली की ‘पाय गेले माहे’ म्हणणारी ही बाई पदर खोचून पोरीच्या बरोबरीने चालली होती, आणि वर दोघींची सारखी कुजबुज. चालता चालता बोलू शकणारी माणसं मला तेव्हा फार श्रीमंत वाटली.

बागेत पोचलो. सफरचंदं अजून लिंबाएवढी हिरवी होती. आपल्या संत्र्याची सर कशालाच नाही, हे मी माळ्याला सांगितलं. त्याने वाद घातला नाही, ह्याचंच वाईट वाटलं. जेवायला बसलो. भाकरी, ठेचा आणि झुणका. दीवानसिंगने ठेचा निमूट खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला, तेव्हापासून तुळसाबाई त्याला ‘भाऊ’ म्हणते. इथं मला श्वास होता, वेळ होता, भिंत नव्हती. मी घसा खाकरला. तर पोरगी आपली शाळेचंच सांगत बसलेली. एक डोंगराकडची मुलगी वर्गात तोंडच उघडत नव्हती, तिने परवा उभं राहून पूर्ण धडा वाचला, आणि शेवटची ओळ इतक्या मोठ्याने वाचली की शेजारचा वर्ग बघायला आला. हे सांगताना प्रेमलताचा चेहरा असा झाला होता की मी ठेच्याचाच एक घास जास्त घेतला आणि डोळ्यांतलं पाणी त्याच्या नावावर खपवलं. इतक्यात दीवानसिंग वर बघून म्हणाला, बादल येतो आहे, निघू या.

उतरताना मी मुद्दाम मागं राहिलो. म्हटलं, एकदा भाषण मोठ्याने म्हणून पाहू. एका दगडावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. चांगलं झालं. उठलो तर समोर काही नाही. ढग रस्त्यावरच उतरून बसला होता. स्वतःच्या हातातली काठी दिसेना. जरा पुढं गेल्यावर पायवाटेला दोन फाटे लागले. उतार दिसला तिकडे वळलो (सकाळपासून उताराचीच तर वाट पाहत होतो). चिडाच्या झाडांच्या वाळक्या सुया पायाखाली घसरत होत्या. बाई, मला भीती वाटली. तुझ्यापासून काय लपवायचं? मी छातीत होता तेवढा श्वास घेतला आणि यार्डातला आवाज काढला. ‘प्रेमा वं!’ समोरच्या डोंगराने तो परत पाठवला. मी आणखी एक पाऊल टाकायला पाय उचलला.

आणि वरून आवाज आला, ‘थांबा! जागचे हलू नका!’

बाई, तो माझाच आवाज. तीच ठेवण, तेच ‘थांबा’वरचं वजन. इतकी वर्षं इंजिनं का थांबत होती ते मला त्या वेळी कळलं. माझा उचललेला पाय आपोआप मागं आला. त्या हिसक्याने तोल जाऊन मी मागच्या मागं बसलो, पाय मुरगळला, आणि खिशातला कांदा निसटून पुढं घरंगळला. घरंगळत गेला आणि नाहीसा झाला. मी कान देऊन बसलो होतो, पण तो कुठं पडल्याचा आवाज आला नाही. ढग जरा पातळ झाला तेव्हा पाहिलं, पुढची वाट पावसात ढासळून गेलेली. वरच्या वळणावरून प्रेमलताला माझं दुपट्ट्याचं डोकं तेवढं दिसलं होतं. दीवानसिंगने खाली येऊन हात दिला, आणि म्हणाला, ‘बाबूजी, आवाज़ तो बिलकुल आपकी है.’ तिच्या शाळेतली मुलं पटांगणाच्या टोकावरून कशी एका हाकेत येतात, ते मला आता कोणी सांगायला नको.

मग मला छप्पन साल आठवलं. तूही होतीस. दीक्षेच्या मैदानावर तू माझ्या डाव्या हाताला उभी होतीस, नव्या पांढऱ्या लुगड्यात. एवढा जनसागर, मी बुटका, मला पुढचं काही दिसेना. चार वर्षांच्या प्रेमाला मी खांद्यावर घेतलं होतं आणि विचारत होतो, ‘काय दिसते वं? सांग, काय दिसते?’ आणि ती वरून ओरडून ओरडून सांगत होती. माणसं किती, मंडप कुठं, आता सगळे उभे राहिले. तिच्या तोंडून मी तो दिवस पाहिला. तेव्हाही ती वर होती, मी खाली होतो, आणि पुढचं तिलाच दिसत होतं. तिला आपणच वर बसवलं, बाई. आता खाली उतर, हे कोणत्या तोंडाने म्हणू? तिथंच वाटेवर बसून मला रडू आलं. बरंच आलं.

तर काम झालं नाही असं नाही, पण झालंही म्हणता येणार नाही. पाऊल सुजलं आहे. दीवानसिंग कसल्याशा पाल्याचा लेप देतो. भेटीअंती सविस्तर बोलू, तोपर्यंत राग ताटीबरोबर पाणी मारून थंड करून ठेव. उन्हात हिंडू नको. खिशात नाही तरी पदरात कांदा ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
बळीराम

ता. क. चंपतरावांना सध्या एवढंच कळव की बळीरामचा घसा बसला आहे, त्यामुळे पोरीशी बोलणं होऊ शकलं नाही. घसा बसणं कोणाच्या हातात नसतं. 

आणखी एक. मला कोणाची भीती वाटते म्हणून मी तसं लिहितो आहे, असा गैरसमज करून घेऊ नको. 

आणखी खाली, दुसऱ्या अक्षरात:

बाई, तुळसाचा जयभीम. हे बाहेर दीवानभाऊपाशी पाय शेकून राहिले, तवर मी लिहून घेतो. यायचा घसा काही बसला नाही, आताच चहासाठी ओरडले. बरफाचा डोंगर आमाले कोणालेच दिसला नाही, निसता ढग होता. आन् पोरीले यायनं काल उतरता उतरताच सांगून टाकलं, का तू इथंच राय, तुह्या मनाचं कर. फक्त तुमाले सांगाची हिंमत होऊन नाही राहिली. म्हणून मी सांगतो. चंपतरावाले साफ नाही म्हणा. तुमचा शब्द खाली जाते, मले समजते, त्याची माफी मी येऊन मांगीन.

पण बाई, मी आता येत नाही. प्रेमा इथं बाया-बायायचा वर्ग घेते, मी दिवाळीपर्यंत थांबतो. मागच्या हिवाळ्यात तिनं मले चुलीपाशी अक्षरं शिकवली, तुमाले कोणी सांगतलं नसन. यातलं यायले अजून काहीच मालूम नाही. पाकीट मीच चिकटवणार हाय. हे एकटेच येतीन, तर यायच्या दोन वखताच्या भाकरीचं तुमी पाहा. ओरडले तर ओरडू द्या.

हा माहा पहिला कागद हाय. इतकी वर्षं यायचं सबन आयकलं, बाई. आता मी लिहून राहिली, तुमी वाचा.