सणाचा कोंबडा

वसई, २० जानेवारी २०२५

प्रिय बेटीबाय,

जय येशू. तू खर्च विचारला होतास. दिवाळीत डेन्झिलने आणलेली शोभेच्या बुटक्या कोंबड्यांची जोडी अडीच हजार, जाळी नऊशे, कणी आणि भुसा दोनशे चाळीस. भाचा म्हणून त्याने रिक्षाचे घेतले नाहीत. एवढे पैसे घालून अंडं बघावं तर लिंबाएवढं.

कोंबडा पांढरा, ओंजळीत मावेल असा. पायांनाही पिसं, मोजे घातल्यासारखी. हे त्याला ऑस्कर म्हणतात. कंपनी बंद पडल्यापासून यांच्या तोंडून शब्द नव्हता, तुला ठाऊकच आहे. ऑस्कर आला आणि एका सकाळी ओटीवरून आवाज आला, "ये रे बाबा, जेवलास का?" मला नाही, त्याला विचारलं. मी चुलीपुढे बसून रडले. आता बोळिंजच्या एका कोंबडीवाल्याला फोन करून पिसांतल्या उवांवर औषध विचारतात. शेजारची कॅथरिन म्हणते, सालोमी, कोंबड्याने तुझा नवरा पटवला.

हसते मी. पण एक गोष्ट तुला सांगायची आहे. फोनवर सांगता येत नाही, हे दिवसभर अंगणातच असतात.

सप्टेंबरात एका दुपारी यांच्या चपला बावखलाच्या काठावर दिसल्या, नीट जोडून ठेवलेल्या. हे पाण्यात उभे, छातीपर्यंत. हाक मारली तसे निमूट बाहेर आले. मासे बघत होतो, असं हाताने दाखवलं. बावखलात मासे आहेत. मीही तेच धरून चालले.

त्या संध्याकाळी मी मारियामातेला बोलले, यांना बोलतं कर, आमच्या घरातला पहिला कोंबडा तुझ्या सणाच्या लिलावात देईन. तेव्हा घरात पीससुद्धा नव्हतं. वाटलं, एखादा गावठी पाळीन आणि देईन. पहिला आला तो हा.

काल मिस्सानंतर लिलावाची नावं घ्यायला चर्चची मंडळी घरी आली. केळीचा घड कोणाचा, नारळ कोणाचे. मी एक कोंबडा लिहायला सांगितला. हे दारातच होते.

"कुठला कोंबडा?"

"बाजारातून आणू."

"मग ठीक," म्हणाले आणि ऑस्करला छातीशी धरून आत गेले.

मातेच्या कामात मी खोटं बोलले, बाय. नवस मोडला तर तिने दिलेला आवाज ती परत घेईल. फेडला तर तो मीच घेतल्यासारखा.

एक वाट सुचते. कोंबडा द्यायचा आणि लिलावात मीच बोली लावायची. किराण्यातून बाजूला टाकलेले चार हजार आहेत. पण राजोडीचे रिसॉर्टवाले सणाला येतात, असलं पाखरू बघून हसत हसत दहा हजार बोलतील. आणि यांच्या हातातून तो काढून घ्यायचा कसा, ते तर मला अजून सुचलेलं नाही.

तुमच्या कॉन्व्हेंटात मिस्साला येणाऱ्या फादरांना विचार. नवसाचा कोंबडा नवस करणारीनेच परत विकत घेतला, तर ती देवाची फसवणूक होते का? पत्र आधी हेच उघडतात, म्हणून कशाचं ते लिहू नकोस. नुसतं हो किंवा नाही लिही.

सण दोन तारखेला आहे. बावखलाच्या वाटेवर मी काट्या लावून घेतल्या आहेत, गुरं शिरतात असं सांगून. उत्तर काहीही असो, उलट टपाली कळव.

तुझी,
सालोमी