लाल पेनानं खोडलेलं ‘बिकॉज’

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ती. ताई,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण या खोलीत खाट सोडून जी जागा उरते तिच्यात माझे पायसुद्धा मावत नाहीत. मी ठीक. तू नि अण्णा ठीक असाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुला हसू येईल, पण मी सध्या मास्तर आहे. दहावीला इंग्रजीत दोनदा गचकलेला मी, आठ मोठ्या माणसांना संध्याकाळी साडेपाच ते सात इंग्रजी शिकवतो! हॉटेलांत नि बोटीवर परक्यांची सामानं उचलताना तोंडात जे बसलं, त्याच्या जोरावर. व्याकरण त्यांना माझ्याहून जास्त येतं. ते वरच्या वर्गाचे, त्यांना हवी असते चर्चा. क्लासच्या बाई मला विषय नि प्रश्नांचा कागद देतात, मी तो वर्गात टाकतो नि भांडणं लावून बसतो. हे मला जमतं, तुला माहीतच आहे. खोलीखाली छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो, त्याची मोठी गंमत आहे, पण ती राहू दे.

सोमवारी विषय होता ‘वर्कोहोलिक’. दारुड्याला जशी दारू, तसं ज्याला काम, तो. मी विचारलं, आपल्या भाषेत याला काय म्हणाल?

वर्गात हॉस्पिटलातल्या एक सिस्टर आहेत. त्या म्हणाल्या, “कामसू.”

“अहो, ती तर शाबासकी झाली,” बँकेत काम करणारा एक जण म्हणाला. “शिवी सांगा, शिवी.”

शिवी कुणालाच सुचेना. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, “शिव्या काम न करणाऱ्यांसाठी असतात. करणाऱ्याला शाबासकी देऊन राबवून घेतात.”

चर्चा पुढे सरकेना, म्हणून मी तुझं उदाहरण दिलं. रागावू नकोस. सांगितलं, माझी बहीण पाचला उठते, वडिलांना अर्धांगवायू आहे, त्यांना उचलून बसवते, पुसून काढते, दिवसभर बाइंडिंगच्या कारखान्यात वह्यांच्या थप्प्या उचलते, घरी येऊन पुन्हा वडील, नि रविवारी लोकांचे पडदे शिवते. सगळे म्हणाले, बाप रे, पक्की केस! मीही हसलो. “तिला नुसतं बसताच येत नाही हो,” म्हणालो.

मग एकेक वाक्य लिहायला दिलं. लिफ्ट दुरुस्त करणारे एक काका आहेत, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी लिहिलं, ‘माझी बायको वर्कोहोलिक होती, कारण मी नव्हतो.’ मी मास्तरकीच्या तोऱ्यात लाल पेनानं ‘बिकॉज’ खोडलं नि वर ‘ऑल्दो’ लिहिलं. म्हणजे कारण नव्हे, ‘जरी मी नव्हतो तरी’.

काका वही घेऊन उभे राहिले. “सर, हे का खोडलंत?”

“अर्थ लागत नाही, काका. तुम्ही नव्हता म्हणून त्या कशा होतील?”

“मी अकरा वर्षं नवेनवे धंदे काढत होतो नि बुडवत होतो. ती दोन नोकऱ्या करत होती. आता शिवणयंत्र उचलून बहिणीकडे गेलीय. मला ‘बिकॉज’च म्हणायचंय. परत लिहून द्या.”

मी परत लिहून दिलं. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या. “आणि सर, तुमच्या बहिणीच्या वाक्यात यातलं काय येईल?”

मी म्हणालो, वेळ संपली. संपायला वीस मिनिटं होती.

ताई, तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले. तीनच ओळी. मानेतली नस दबलीय, उजव्या हाताची बोटं बधिर होतात, पंचवीसला ऑपरेशन, पुढे सहा आठवडे काही उचलायचं नाही, अण्णांना तर नाहीच. येशील का? येत्या मंगळवारपर्यंत हॉस्पिटलला हो की नाही ते सांगायचंय. या खेपेला टळलं तर डॉक्टर हाताची हमी देत नाहीत.

आणि एकदा टळलंय. जूनमध्ये. मी येतो म्हणालो नि आलो नाही, तेव्हा.

ताप आला असं तुला कळवलं होतं. ताप नव्हता. मी आलो होतो, ताई. आपल्या स्टँडवर उतरलो, गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आलो. तू दारात उभी होतीस. पिशवी डाव्या हातात. उजव्या हातानं कुलूप उघडायला गेलीस नि किल्ली खाली पडली. उचललीस, पुन्हा पडली. मग पिशवी जमिनीवर ठेवलीस नि डाव्या हातानं उघडलंस. मी औषधाच्या दुकानाच्या पाटीआड होतो. वीस पावलं असतील. वाटलं, एकदा आत गेलो की हे सगळं माझं होणार. मागे फिरलो. परतीच्या गाडीत जागाही चांगली मिळाली, खिडकीची.

हे लिहिताना चार कागद फाडले.

परवा वर्गात हे सगळं सांगून टाकलं. इंग्रजीतच. परक्या भाषेत लाज जरा कमी वाटते. कुणी उपदेश केला नाही. सिस्टरनी दोन बाकं जोडली, काकांना त्यांवर आडवं केलं नि मला म्हणाल्या, “उचला.” मी कंबरेत वाकलो.

“मोडून घ्याल स्वतःला! गुडघे वाकवा. हात खांद्याखाली. आणि आधी पेशंटला सांगा, मग हात लावा. ते पोतं नव्हे.”

बँकेतला म्हणाला, “जन्मभर यांनी लिफ्ट चढवल्या, आता यांनाच चढवायला माणूस नाही!”

काका ओरडत होते, “सर, पाय माझा आहे, बाकाचा नव्हे!”

तास त्यातच गेला. अकराव्या खेपेला मी काकांना एकट्यानं खुर्चीत बसवलं. सिस्टर म्हणाल्या, “बरं. आता हेच रोज सहा वेळा, बेचाळीस दिवस.” त्या हसत नव्हत्या.

काल क्लासच्या बाईंना काम सोडतो म्हणून सांगितलं. “दोन महिनेसुद्धा टिकला नाहीत,” म्हणाल्या. नेहमीसारखं काहीतरी चटपटीत तोंडावर आलं होतं, गिळलं. तुझ्या हॉस्पिटललाही फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, होकार पेशंटनंच द्यायचा, भावाचा चालत नाही. बरोबरच आहे. भावाचा होकार किती चालतो ते तुला जूनमध्ये कळलंय.

म्हणून होकार तूच दे. सोमवारी दे, मंगळवार उजाडू देऊ नकोस. मी बुधवारी, वीस तारखेला, सकाळी अकराला तिथे पोचणाऱ्या गाडीनं येतो. अण्णांना आधी सांगू नकोस, त्यांनी दाराकडे डोळे लावून बसायला नको. कारखान्यातल्या मैत्रिणीलाही ऑपरेशनच्या दिवसांसाठी विचारून ठेव. माझ्या एकट्याच्या भरवशावर राहू नकोस, हे मीच सांगतो.

आणि साडेअकरापर्यंत मी दारात दिसलो नाही, तर आतून कडी लाव. मग मी कधीही आलो, काहीही सांगितलं, तरी उघडू नकोस.

बुधवारपर्यंत तरी तुझाच,
धाकटा