शकूमावशीच्या भिंतीवरची रेघ

३ नोव्हेंबर २०२५
आले एकदाची रत्नागिरीत! नागपूरच्या मुलीला समुद्रातल्या भूकंपांची नोकरी, म्हणून घरचे अजून हसताहेत. काम मात्र झकास आहे. अरबी समुद्राच्या तळाशी भूकंप झाला तर त्सुनामीचं पाणी शहरात कुठवर शिरेल, ते संगणकावर चालवून बघायचं आणि नकाशा काढायचा. ऑफिस मिरजोळ्यात, भाड्याची खोली मिरकरवाड्यात शकूमावशीकडे. मावशी मासळी विकते, घरात एकटीच. वासाने जीव नकोसा होतो. बांगडा मात्र दोनदा मागून खाल्ला.

७ नोव्हेंबर
पहिला नकाशा तयार. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतं. मावशीला लॅपटॉपच्या पडद्यावर तिचं घर दाखवलं. "ह्या घरात पानी कदी आला नाय गो बाय, येयाचा पन नाय," म्हणत तिने पडद्यालाच हात जोडले. हसू आलं, बरंही वाटलं.

१२ नोव्हेंबर
आमचे सर्वेश सर नाराज. खाडीलगत कुणा बड्या माणसाचं हॉटेल होणार आहे, ते नकाशातल्या लाल, म्हणजे बुडणाऱ्या पट्ट्यात येतं. सर म्हणाले, तिथली जमीन फाइलमध्ये तीन मीटर उचल, उंचीचा आकडाच तर आहे. उचलली. पाणी हॉटेलला वळसा घालून आमच्या गल्लीत घुसलं. मावशीच्या घरात दीड मीटर. सरांना सांगितलं, तर म्हणाले, तिथे कोण बघतंय? नकाशाखाली सही केली. स्वतःची किळस आली, तरी केली. नोकरीचा करार मार्चमध्ये संपतो, वाढवून हवाय.

१४ नोव्हेंबर
मावशीच्या खोलीत चारही भिंतींवर ओली रेघ. टेप लावला. बरोबर दीड मीटर. रेघेखाली हिरवट, बुळबुळीत गाळ, त्यात खवले आणि कोलंबीच्या मिशा. जमीन कोरडी. मावशी फिनेलने पुसते, तासाभरात पुन्हा तेच. दोनदा ओकले. तिला काही सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर
सरांना हॉटेलचं आवारही कोरडं हवंय. आणखी जमीन उचलली. नकाशात मावशीकडे आता दोन मीटर दहा. ती जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत येते. हे मनात आलं, तरीही सही केली. शी!

१७ नोव्हेंबर
मावशी गेली. खाटेवर. अंथरूण कोरडं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत समुद्राचं पाणी आहे. तोंडातून गाळ येत होता, मीच पुसला. बोटांचा वास जात नाही. किती धुवायचे हात –

१८ नोव्हेंबर, सकाळ
तिच्याच खोलीत बसलेय. सगळे आकडे होते तसे केले, खरा नकाशा काढला. सरांच्या वरच्यांना पत्र लिहिलंय, दोन सह्यांसकट सगळं कबूल. पाठवायचं तेवढं बाकी – रेघ उतरतेय! एक मीटर – वीतभर – गेली.

दुपार
भिंत स्वच्छ. मग पत्र कशाला? मावशी काही परत येत नाही. करार जाईल उगाच. खोडलं.

चार वाजता
जिभेवर खवला. थुंकले. आणखी एक. भिंती कोरड्याच – वास माझ्या तोंडाचा –

गाळ. घशात. आतून चढतोय – पत्र पुन्हा लिहिते – मावशी, लिहिते गं – सर्वेश सरांनी नाही, मी, सही मी –